इंग्रजीत वेळ सांगताना तीच चूक पुन्हा पुन्हा का होते?

टेन्सचे तक्ते पाठ आहेत, स्पेलिंग चुकत नाही, शब्दही पुरेसे येतात. तरी इंग्रजी मेलमध्ये ‘कधी’चा मामला आला की गाडी अडते. ‘सिन्स टू इयर्स’, ‘बिफोर फाइव्ह डेज’, ‘टिल मंडे’, ‘नाऊ ओन्ली’. कुणी दुरुस्त करून दिलं की पटतं, आणि पुढच्या मेलमध्ये पुन्हा तेच उतरतं. काही वेळा कॉम्प्युटर अशा शब्दांखाली रेघ मारतो, तेव्हा निदान कळतं तरी. रेघ न येता वाक्य तसंच गेलं की जास्त पंचाईत, कारण व्याकरण ठीक असतं आणि दिवस चुकलेला असतो.

यावर सगळेजण पुन्हा टेन्सचा तक्ता उघडायला सांगतात. त्याने फारसा फरक पडत नाही. बिघाड बहुतेक वेळा डोक्यातल्या मराठी वाक्यात असतो. रोजच्या बोलण्यात आधी, नंतर, पासून, पर्यंत, अजून, लवकर, शेवटी अशा मोजक्या ढगळ शब्दांवर आपलं निभतं. उरलेला अर्थ क्रियापद सांगतं, नाहीतर ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत या एकेका शब्दाची कामं तीन-तीन, चार-चार शब्दांना वाटून दिलेली आहेत. गंमत अशी की तो फरक मराठीलाही नीट ठाऊक आहे. ‘शेवटी बस आली’ आणि ‘एकदाची बस आली’ यांत काय वेगळं आहे हे कुणा मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भाषांतर करताना मात्र हाताला ढगळ शब्दच लागतो आणि नेमका शब्द मागे राहून जातो.

तेव्हा उपाय हा: इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठी वाक्य घट्ट करून घ्यायचं. ज्या चुकांनी कामं अडतात त्या आधी घेऊ, ज्यांनी नुसतं हसं होतं त्या मागाहून.

‘पर्यंत’

‘सोमवारपर्यंत फाइल पाठवा’ आणि ‘सोमवारपर्यंत थांबा’. मराठीत दोन्हीकडे पर्यंत. पण पहिल्या वाक्यात काम एकदाच होणार आहे आणि त्याला मुदत घातली आहे. दुसऱ्यात एकच गोष्ट सोमवार उजाडेपर्यंत चालू राहणार आहे. इंग्रजीत मुदतीसाठी ‘बाय’ आणि चालू राहण्यासाठी ‘अन्टिल’ किंवा ‘टिल’. ‘सेंड द फाइल टिल मंडे’ असं लिहिलंत तर त्याचा शब्दशः अर्थ ‘सोमवार येईपर्यंत फाइल पाठवतच राहा’ असा निघतो. भारतीय वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. बाहेरचा वाचक बुचकळ्यात पडतो.

तपासायचं कसं? ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘सोमवारच्या आत पाठवा’ चालतं, म्हणजे ‘बाय’. ‘सोमवारच्या आत थांबा’ कानाला लगेच खटकतं, म्हणजे ‘अन्टिल’. एक सावधगिरी मात्र हवी. ‘सोमवारच्या आत’ म्हटलं की आपण रविवारीच काम संपवतो, पण ‘बाय मंडे’मध्ये सोमवार धरलेला असतो. सोमवारी किती वाजेपर्यंत, यावर तिकडेही वाद होतात. म्हणून ‘बाय फाइव्ह पीएम ऑन मंडे’ असं लिहून मोकळं व्हावं.

नकार आला की आणखी गोंधळ होतो. ‘तो सोमवारपर्यंत येणार नाही’ म्हणजे सोमवारी येईल, तोवर नाही. हे ‘अन्टिल’चं काम. ‘सोमवारपर्यंत काम होणार नाही’ यात मुदत हुकणार आहे, हे ‘बाय’चं काम.

याच कुळातलं ‘आत्तापर्यंत’ नोकरीच्या अर्जात घात करतं. ‘आय हॅव वर्क्ड इन ॲकाउंट्स अन्टिल नाऊ’ वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस आता ते काम सोडतो आहे, कारण ‘अन्टिल नाऊ’मध्ये आजवर असं होतं, इथून पुढे नाही, असा सूर असतो. नुसता आकडा किंवा प्रगती सांगायची असेल, म्हणजे ‘आत्तापर्यंत तीन अर्ज आले’, तर ‘सो फार’ वापरा.

‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’

इथे मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. एक त आणि एक नी, आणि अर्थ पूर्ण बदलतो. ‘दोन दिवसांत पैसे देतो’ म्हणणाऱ्याकडे आपण उद्याही जाऊ शकतो. ‘दोन दिवसांनी देतो’ म्हणाला तर परवाच जायचं. इंग्रजीतलं ‘इन टू डेज’ मात्र दोन्ही घरचं जेवतं. भविष्यकाळात ‘आय विल पे इन टू डेज’ म्हणजे साधारणपणे दोन दिवसांनी. भूतकाळात ‘ही फिनिश्ड द वर्क इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांत उरकलं. आपल्याला ‘इन’ दिसलं की ‘आत’ आठवतं, आणि ‘इन टू डेज’ वाचून आपण उद्याच फोन लावून मोकळे होतो.

मुदतीच्या आत असं सांगायचं असेल तर ‘विदिन टू डेज’. तिथे शंकेला जागा नाही. दोन दिवसांनी म्हणायचं असेल तर ‘इन टू डेज’ बरोबर आहे, पण मेल महत्त्वाचा असेल तर पुढे वार लिहावा. ‘आफ्टर टू डेज’ समजतं, अगदी चूकही नाही, पण त्यात दोन दिवस उलटल्यावर कधीही असा सैलपणा आहे. बिलाच्या मेलमध्ये तो सैलपणा तुम्हालाच महाग पडेल.

‘लवकर’

ऑफिसच्या मेलमधला सगळ्यात उपद्रवी शब्द बहुधा हाच. ‘लवकर ये’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या आज्ञा बसतात: ठरलेल्या वेळेआधी ये, थोड्याच दिवसांत ये, किंवा भराभर पावलं उचल. इंग्रजीत अनुक्रमे ‘अर्ली’, ‘सून’, ‘क्विकली’. त्यामुळे ‘प्लीज रिप्लाय अर्ली’ हे वाक्य लटकतं. कशाच्या आधी? तिथे ‘सून’ हवं. मराठीतच ‘वेळेआधी’, ‘थोड्याच वेळात’ किंवा ‘पटकन’ यांपैकी एक घालून बघितलं की चूक होत नाही.

याहून मोठा खड्डा म्हणजे ‘ॲट द अर्लिएस्ट’. आपल्याकडच्या सरकारी आणि खासगी पत्रांत याचा अर्थ सरसकट ‘लवकरात लवकर’ असा घेतला जातो. भारताबाहेर तो जवळजवळ उलटा लागतो. ‘मंडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे ‘अगदी लवकर म्हटलं तरी सोमवार, त्याआधी नाही’. घाई दाखवायला लिहिलेलं वाक्य तिकडे सवलत म्हणून वाचलं जातं. लवकरात लवकर म्हणजे ‘ॲज सून ॲज पॉसिबल’, आणि उशिरात उशिरा सोमवारी म्हणजे ‘बाय मंडे ॲट द लेटेस्ट’. परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार असेल तर ‘ॲट द अर्लिएस्ट’ हा वाक्प्रयोग सहा महिने वापरायचाच नाही असं ठरवून टाकावं.

जाता जाता: ‘सून’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘ताबडतोब’ या अर्थाचा होता. लोकांनी ताबडतोब म्हणत म्हणत उशीर केला आणि शब्द बोथट झाला. ‘प्रेझेंटली’चंही तेच. एके काळी ‘लगेच’, मग ब्रिटिशांकडे ‘थोड्या वेळाने’, आणि अमेरिकेत व आपल्याकडे ‘सध्या’. दाराबाहेर पडताना ‘आलोच’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. ‘प्रेझेंटली’ मात्र मेलमध्ये नकोच. ‘नाऊ’ किंवा ‘करंटली’ लिहा.

‘पूर्वी’, ‘आधी’ आणि घड्याळ कुठे टांगलंय

‘दोन वर्षांपूर्वी’चं ‘बिफोर टू इयर्स’ ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. बरोबर रूप ‘टू इयर्स अगो’, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी हात ‘बिफोर’कडे का जातो? कारण पूर्वी आणि आधी हे शब्द मोजणी कुठून करायची ते सांगत नाहीत. ‘अगो’ नेहमी आजपासून मागे मोजतं. गोष्टीतल्या एखाद्या जुन्या दिवसापासून मागे मोजायचं असेल तर ‘बिफोर’ किंवा ‘अर्लिअर’, पण तेही आकड्यानंतर: ‘टू इयर्स बिफोर’, ‘टू इयर्स अर्लिअर’.

शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्ट करताना आपण एक तक्ता घोकलेला असतो. ‘नाऊ’चं ‘देन’, ‘अगो’चं ‘बिफोर’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टर्डे’चं ‘द प्रीव्हिअस डे’. मार्क मिळतात आणि तक्ता विसरला जातो, कारण तो कशासाठी आहे हे बहुतेक वेळा सांगितलेलंच नसतं. त्या तक्त्यात एकच गोष्ट चालली आहे: मोजणीचं घड्याळ ‘आज’वरून काढून ‘त्या दिवसा’वर टांगलं आहे. डावीकडचे सगळे शब्द आजपासून मोजणारे, उजवीकडचे त्या दिवसापासून मोजणारे. इनडायरेक्ट स्पीच सोडून इतर लिखाणातही हा तक्ता तसाच चालतो, आणि खरा उपयोग तिथेच आहे.

उदाहरण घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्यानंतर चार वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. इथे ‘चार वर्षांनी’ साठी ‘इन फोर इयर्स’ चालणार नाही, कारण तसं वापरलेलं ‘इन’ आजपासून पुढे मोजतं. ‘फोर इयर्स लेटर’ हवं. उलटीकडून सांगायचं, म्हणजे विद्यापीठापासून सुरुवात करून ‘त्याच्या चार वर्षं आधी रेल्वे धावली होती’, तर ‘फोर इयर्स अर्लिअर’. ‘अगो’ इथे अजिबात नाही.

दुसरं उदाहरण त्याहून बारीक. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झालं आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ‘पुढच्या वर्षी गोवा मुक्त झाला’ हे मराठीत सरळ वाचतं. इंग्रजीत ‘नेक्स्ट इयर’ लिहिलंत तर ते आजपासूनचं पुढचं वर्ष होतं. ‘द नेक्स्ट इयर’ किंवा ‘द फॉलोइंग इयर’ लिहावं लागतं. एवढ्याशा ‘द’ने घड्याळाची जागा बदलते. मराठी घट्ट करायचं तर ‘पुढच्या वर्षी’ऐवजी ‘त्याच्या पुढच्या वर्षी’ म्हणा. जिथे ‘त्याच्या’ किंवा ‘त्यानंतर’ मनात जोडता येतं, तिथे तक्त्याची उजवी बाजू.

‘अगो’ लक्षात ठेवायला एक आधार. हा शब्द मुळात ‘निघून गेलेलं’ अशा अर्थाचं जुनं रूप आहे, म्हणजे ‘टू इयर्स अगो’ म्हणजे ‘दोन वर्षं सरली’. सरलेली वर्षं आधी मोजायची आणि मग सरली म्हणायचं, म्हणून तो शब्द आकड्याच्या मागून येतो. ‘टू इयर्स बॅक’ही चालतं, पण बोलण्यात. अर्जात ‘अगो’ बरं.

याच जागी ‘होतो’चा प्रश्न निकालात काढू, कारण तो दिसतो टेन्सचा पण आहे घड्याळाचाच. ‘मी काल बँकेत गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू द बँक यस्टर्डे’ असं सर्रास होतं. मराठीत होतो लावलं की गेलो, परत आलो, विषय संपला, एवढंच सुचतं. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ‘हॅड’ दिसलं की तो दुसऱ्या घटनेची वाट बघतो: बँकेत गेला होता, मग त्यानंतर काय झालं? काहीच झालेलं नसतं. साधं ‘आय वेंट’ पुरे. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा वाक्यात दोन जुन्या गोष्टी आहेत आणि एक दुसरीच्या आधीची आहे: मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती. तिथे दोन्ही भाषांचं एकमत आहे. आणि ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ हेही नको. ‘यस्टर्डे’, ‘अगो’, ‘लास्ट वीक’ असा सरलेल्या वेळेवर बोट ठेवणारा शब्द आला की ‘हॅव’ निघून जातं.

‘पासून’

‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा नियम पुस्तकात असतो: बिंदूला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’. नियम बरोबर आहे, पण मेल लिहिताना आठवत नाही. आठवायची गरजही नाही. बोलताना आपण जितक्या सहज ‘दहा वर्षांपासून राहतोय’ म्हणतो तितक्याच सहज ‘दहा वर्षं झाली, इथेच राहतोय’ असंही म्हणतो. ‘झाली’ बसलं की ‘फॉर’. ‘सोमवार झाला’, ‘२०१९ झालं’, ‘लहानपण झालं’ हे बसत नाही, तिथे ‘सिन्स’. आणि ‘मला इथे येऊन दहा वर्षं झाली’ याला इंग्रजीत जवळजवळ जसंच्या तसं वाक्य आहे: ‘इट इज टेन इयर्स सिन्स आय केम हिअर’. इथे ‘सिन्स’ येण्याच्या घटनेला लागलंय, वर्षांना नाही.

‘गेल्या दोन वर्षांपासून’चं ‘फ्रॉम लास्ट टू इयर्स’ होतं, ते ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ असं करा. आणि ‘सोमवारपासून शाळा सुरू होणार’ यात ‘सिन्स’ चालत नाही. पुढच्या काळाला ‘फ्रॉम’.

शब्द बरोबर लागला तरी क्रियापद फसवतं. आपण ‘राहतो’, ‘ओळखतो’ असा वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीला ‘हॅव’ लागतं: ‘हॅव बीन लिव्हिंग’, ‘हॅव नोन’. ‘आय नो हिम सिन्स २०१५’ हे नुसतं कानाला वाईट. ‘आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ मात्र धोक्याचं, कारण त्याचा अर्थ आता इथे नोकरी नाही.

‘अजून’, ‘आधीच’ आणि शेपटीचा ‘च’

‘अजून’ तीन ठिकाणी राबतं. ‘अजून पाऊस पडतोय’ हे ‘स्टिल’. ‘अजून आला नाही’ हे ‘यट’. ‘अजून दोन पोळ्या’ यात वेळेचा संबंधच नाही, तिथे ‘आणखी’ म्हणा आणि ‘टू मोअर’ लिहा. खरी गंमत ‘आला नाही’मध्ये आहे. ‘ही हॅजन्ट कम यट’ ही नुसती माहिती. ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ यात त्रागा आहे, म्हणजे आपलं ‘अजूनही आला नाही!’ साहेबांना उत्तराची आठवण करताना ‘यू स्टिल हॅव नॉट रिप्लाइड’ लिहिलं तर आवाज चढलेला दिसतो. मराठीत ‘ही’ लावाल का, एवढं स्वतःला विचारा. अर्जात ‘अद्याप’ लिहिलं असतं तर ‘यट’.

‘ऑलरेडी’ आता मराठीतच नांदतो. ‘मी ऑलरेडी सांगितलंय’ असं म्हणणाऱ्याला अर्थ शिकवायला नको. जागा तेवढी सांभाळा: ‘आय हॅव ऑलरेडी टोल्ड हिम’. अमेरिकेत ‘आय ऑलरेडी टोल्ड हिम’ असंही सर्रास चालतं, तेव्हा ते ऐकून कुणाला दुरुस्त करायला जाऊ नका. प्रश्नात हाच शब्द आश्चर्य दाखवतो. ‘इज ही हिअर ऑलरेडी?’ म्हणजे ‘एवढ्यात आला?’, आणि ‘इज ही हिअर यट?’ म्हणजे साधं ‘आला का?’

राहिला ‘च’. ‘नाऊ ओन्ली’, ‘यस्टर्डे ओन्ली’ ही त्याचीच करणी. आपला च शब्दाच्या मागे चिकटतो, इंग्रजीतलं ‘ओन्ली’ शब्दाच्या पुढे उभं राहतं: ‘ओन्ली यस्टर्डे’. ‘आत्ताच आला’साठी ‘जस्ट’ आहे: ‘ही हॅज जस्ट अराइव्हड’. ‘आजच पाठवा’ मधल्या च चं भाषांतर करूच नका. ‘प्लीज सेंड इट टुडे’ एवढ्यात घाई पोचते. ‘टुडे इटसेल्फ’ आपल्यात चालतं. चालू द्या, पण बाहेर पाठवू नका.

‘शेवटी’, ‘पहिल्यांदा’ आणि पोह्यांची कृती

क्रम सांगणाऱ्या शब्दांनी सहसा कुणाचं नुकसान होत नाही, पण करमणूक होते. पोह्यांची कृती इंग्रजीत लिहिणाऱ्या कुणीतरी ‘ॲट फर्स्ट’ पोहे भिजवतं आणि ‘ॲट लास्ट’ कोथिंबीर घालतं. ‘ॲट लास्ट’ म्हणजे एकदाचं. म्हणजे वाक्य झालं: एकदाची कोथिंबीर घाला! बाई दमलेल्या दिसतात.

‘शेवटी’ला घट्ट करायला मराठीत चांगली चार रूपं आहेत. वाट बघून बघून झालं असेल तर एकदाचं, ते ‘ॲट लास्ट’. बऱ्याच घडामोडींनंतर निकाल लागला असेल तर अखेर किंवा सरतेशेवटी, ते ‘इन द एंड’ किंवा ‘इव्हेंच्युअली’. यादीतला शेवटचा मुद्दा असेल तर शेवटचं म्हणजे, ते ‘लास्टली’. आणि महिन्याच्या शेवटी, गल्लीच्या शेवटी हे ‘ॲट द एंड ऑफ’. ‘फायनली’ हा शब्द पहिल्या आणि तिसऱ्या घरात खपतो, फक्त जागा बदलून. वाक्याच्या सुरुवातीला आला तर बहुतेकदा शेवटची पायरी, क्रियापदाला चिकटून आला तर सुटकेचा निःश्वास. कोथिंबिरीसाठी तोच घ्यावा. ‘इव्हेंच्युअली’ जपून. ‘युअर अर्ज इव्हेंच्युअली मंजूर होईल’ अशा थाटाचं वाक्य ग्राहकाला पाठवलंत तर त्याला एवढंच कळतं की कधी ते तुम्हालाही माहीत नाही.

‘पहिल्यांदा’चंही तसंच. पहिल्यांदा हात धू, यात ‘आधी’ बसतं, तिथे ‘फर्स्ट’. पहिल्यांदा अवघड वाटलं, यात ‘सुरुवातीला’ बसतं आणि पुढे एक ‘पण’ येतो, तिथे ‘ॲट फर्स्ट’. पहिल्यांदाच विमानात बसले, यात ‘आयुष्यात’ जोडता येतं, तिथे ‘फॉर द फर्स्ट टाइम’. ‘ॲट फर्स्ट सोक द पोहा’ वाचणारा त्या ‘पण’ची वाट बघत राहतो. ‘फर्स्टली’ मुद्दे मांडायला आहे, पोहे भिजवायला नाही.

‘नंतर’साठी नुसतं ‘आफ्टर’ वापरण्याची सवय मोडायलाच हवी. ‘आफ्टर आय वेंट होम’ याचा अर्थ ‘नंतर मी घरी गेलो’ असा होत नाही. ‘मी घरी गेल्यानंतर…’ असं ते अर्धवट वाक्य आहे. ‘नंतर कधीतरी’ला ‘लेटर’, ‘त्यानंतर’ला ‘आफ्टर दॅट’ किंवा ‘देन’. ‘मग’ आपल्याला गोष्ट सांगताना श्वासासारखा लागतो, पण इंग्रजीत ‘देन’ दोन वाक्यं एकट्याने जोडत नाही. नुसता स्वल्पविराम देऊन ‘देन’ लिहू नका, ‘अँड देन’ लिहा. कृतीत तर चार पायऱ्यांतल्या तीन ‘देन’ पुसून टाकल्या तरी काही बिघडत नाही. आज्ञार्थी वाक्यं एकाखाली एक आली की क्रम आपोआप कळतो.

परीक्षेत ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये भेटणारं ‘नो सूनर… दॅन’ परीक्षेतच ठेवावं. रोजच्या लिखाणात ‘ॲज सून ॲज’ पुरतं.

जिथे मराठीची मदत होत नाही

‘आज संध्याकाळी’चं ‘टुडे ईव्हनिंग’ आणि ‘काल रात्री’चं ‘यस्टर्डे नाइट’ होतं, यात मराठी कितीही घट्ट केली तरी उपयोग नाही. इंग्रजीत ‘दिस ईव्हनिंग’, ‘दिस मॉर्निंग’, ‘टुनाइट’ आणि ‘लास्ट नाइट’ म्हणतात. ‘यस्टर्डे मॉर्निंग’ मात्र चालतं, ‘टुमॉरो ईव्हनिंग’ही चालतं. तर्क शोधत बसू नका, पाठ करा.

‘टाइमली’ला शेवटी ‘ली’ आहे म्हणून ते क्रियाविशेषण वाटतं, पण ते विशेषण आहे. ‘टाइमली रिप्लाय’ चालतो, ‘रिप्लाय टाइमली’ चालत नाही. त्याऐवजी वेळेवर असेल तर ‘ऑन टाइम’, वेळेत असेल तर ‘इन टाइम’. गाडी वेळेवर सुटली आणि आपण गाडीसाठी वेळेत पोचलो, हा फरक आपल्याकडे आयता आहे. उलट ‘लेट’ला ‘ली’ जोडलं की भलताच शब्द तयार होतो: ‘ही केम लेट’ म्हणजे उशिरा आला, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘समटाइम’ कधीतरी एकदा, ‘समटाइम्स’ कधीकधी, आणि मध्ये जागा सोडून लिहिलेलं ‘सम टाइम’ म्हणजे थोडा वेळ.

शब्दांचा क्रमही उलटा. आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो: शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता. इंग्रजी लहानाकडून मोठ्याकडे जातं: ‘ॲट फाइव्ह ऑन फ्रायडे’. आपण काल मुंबईला जातो, ते मुंबईला काल जातात: ‘आय वेंट टू मुंबई यस्टर्डे’.

‘परवा’ मागचा की पुढचा, हे आपल्याला क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत ‘द डे बिफोर यस्टर्डे’ किंवा ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असं लांबलचक लिहावंच लागतं. ‘परवाच भेटलो होतो’ मधला सैल परवा, जो चार दिवसांपूर्वीचाही असू शकतो, त्याला मात्र ‘द अदर डे’ हा छान जोडीदार आहे.

‘नेक्स्ट फ्रायडे’वर तर जन्माने इंग्रजी बोलणारेही भांडतात. येत्या शुक्रवारी आणि पुढच्या शुक्रवारी हा भेद त्यांच्याकडे धड नाही. काही जण येत्या शुक्रवारलाही ‘नेक्स्ट’ म्हणतात, काही जण त्याच्या पुढच्याला. ‘बायवीकली’ची गतही तीच, आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा हे शब्दावरून ठरत नाही. आपल्याकडे पंधरवड्याला ‘फोर्टनाइटली’ सगळ्यांना समजतं, अमेरिकेत तो शब्द फारसा चालत नाही. अशा वेळी क्रियाविशेषण सोडून द्यावं आणि वारासोबत तारीख लिहावी. तारीखही नुसत्या आकड्यांत नको. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून आणि अमेरिकेत ६ मे, तेव्हा महिन्याचं नाव अक्षरांत घाला.